चिलटाच्या पंखातली फट

आमच्या चाळीत अजून कोणी म्हणालं, तो कोपऱ्यातला मास्तर वेडा होता, की मी उठून उभा राहतो. ऐंशी कधीच उलटली. गुडघे बोलतात. तरी उभा राहतो आणि विचारतो, "त्यांच्या दुर्बिणीला डोळा लावला होतास कधी? मी लावला होता. मग बस खाली."

त्यांचं नाव लिहीत नाही. घराणं गिरगावातलं, जुनं, अजून नांदतं आहे. त्यांना त्रास नको. चाळ त्यांना चिलटमास्तर म्हणायची, अगदी तोंडावर. त्याचा त्यांना राग यायचा, पण कारण भलतंच. "चिलटाला पंख दोन. माझ्या किड्यांना चार. चिलट कसं म्हणता? मोजलंत का?"

हे 'मोजलंत का' कायमचं. शेजारची काकी म्हणाली, मेल्या वाण्याच्या तांदळात खडेच खडे, की हे दारातून, "मोजलेत का?" ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज सभा, नाहीतर मोर्चा. सभेहून आलेला माणूस जिन्यातच ओरडायचा, "लाखभर माणूस होतं!" वरून प्रश्न यायचाच. एकदा दुसऱ्या मजल्यावरचा, गिरणीत साचे चालवणारा एक साचेवाला चिडला. "हो, मोजलं! नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. तुम्ही आला नाहीत म्हणून लाख भरला नाही." मास्तर दुसऱ्या दिवसापासून सभेला यायला लागले. मात्र भाषण रंगात आलं की सगळे वक्त्याकडे बघायचे आणि हे वक्त्याच्या डोक्यावरच्या दिव्याकडे. कोटाच्या खिशात काचेच्या बारीक नळ्या. पुढाऱ्याच्या टोपीवर काही बसलं तर हे व्यासपीठावर चढायला कमी करायचे नाहीत, म्हणून मी कोटाचं टोक धरून बसायचो.

मूळचे पैसेवाले. आजोबांची गिरगावात तीन घरं, वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क, दिवाणखान्यात झुंबर. हे स्वतः एका कॉलेजात मुलांना बेडूक कापून दाखवायचे. तिथे वरच्याशी वाजलं, नोकरी सोडली आणि लालबागला आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्याची खोली घेतली. का? तर त्या खोलीची खिडकी कापसाच्या वखारीवर उघडते म्हणून. धाकटा भाऊ घोड्याची व्हिक्टोरिया करून न्यायला आला. आम्ही सगळे कठड्याला लागलो होतो.

"दादा, घरी चल. लोक काय म्हणतात ठाऊक आहे?"

"घरी काय करू? तुम्ही घरभर डीडीटी मारता."

"माणसं राहतात घरात, दादा!"

"तेच म्हणतोय मी. नुसती माणसंच राहतात."

भाऊ गेला तो पुन्हा आला नाही. सणावारी मात्र बोलावणं यायचं, आणि मास्तर जायचे.

काकीशी त्यांचं पहिलं भांडण धुपावरून. तिन्हीसांजेला ती धूप घालायची, धूर यांच्या खिडकीत, आणि खिडकीतले किडे मरायचे. दोघांनी चाळ डोक्यावर घेतली. शेवटी तह झाला. तिने धूप गॅलरीच्या पलीकडच्या टोकाला घालायचा आणि त्यांनी तिच्या आईला मालवणला महिन्याला एक पत्र लिहून द्यायचं. तेव्हापासून ती रोज विचारायची, "मास्तरांनु, चिलटां काय म्हणतत?" आणि हे गंभीरपणे सांगायचे, "आज सात. त्यांत पाच माद्या."

आता माझं. मी चौथीत असताना शाळा सुटली. वाचता येतं, लिहिता येतं, त्यात लाज कसली? गिरणीत माझं काम धागे ओवायचं. नवा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागावर चढण्याआधी त्याचे दोन-अडीच हजार धागे एकेक करून फणीच्या दातांतून ओढावे लागतात. समोर बसलेला धागा देतो, मी आकडीने ओढतो. एक दात जरी रिकामा राहिला तरी कापडभर उभी रेघ पडते, पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत. माझ्या हातून नऊ वर्षांत अशी रेघ पडली नव्हती. खात्यात कोणाचाही ताणा असो, शेवटची नजर फिरवायला मला बोलवायचे. हे फुशारकी म्हणून लिहीत नाही. होतं ते लिहितो.

तो किडा मी शोधला. मास्तरांनी नाही, मी. आमच्या गिरणीच्या त्या वखारीच्या खिडकीत बसून डबा खात होतो. काचेवर धूळ होती. त्यातला एक कण वाऱ्याच्या उलट चालला. धूळ वाऱ्याच्या उलट चालते का? मी डब्याच्या झाकणात पाणी घेतलं, बोटाचं टोक ओलं करून कण उचलला आणि पाण्यात ठेवला. पहिली पाळी सुटल्यावर तसाच तिसऱ्या मजल्यावर गेलो.

मास्तरांनी दुर्बिणीला डोळा लावला. तिला खरं नाव सूक्ष्मदर्शक, पण चाळीत दुर्बीणच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. चाक फिरवून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "फणीवाले, कुठे सापडला?" त्या दिवसापासून मी फणीवाले. ते सगळ्यांनाच अहोजाहो करायचे, झाडूवालीलासुद्धा.

मी डोळा लावला. काय सांगू? सुईच्या नेढ्यातून असे तिघं शेजारी शेजारी उडून जातील एवढा तो जीव. पण आत दिसला तर अंगावर तांबूस झाक, डोळे लाल, मिशीला मण्यांसारखे सांधे, आणि पंख म्हणजे एक अरुंद पट्टी, तिच्या कडेला लांब लांब केसांची झालर. पंख कमी आणि झालर जास्त. कापसाच्या गाठींच्या तरटावर एक बारीक ऊ असते, तिच्या अंड्यात ह्याची मादी आपलं अंडं घालते. म्हणजे अंड्याच्या आत पूर्ण संसार. मी खोलीत तसाच उभा राहिलो, चहा निवाला.

मग आम्ही आणखी सहा पकडले. रोज पाळी सुटली की ऊन असेतोवर मी मास्तरांच्या खिडकीत. इतक्या बारीक कामाला त्यांचा हात जड होता, म्हणून ओल्या कुंचल्याच्या एका केसाने किडा उचलून काचपट्टीवरच्या राळेत पंख पसरून बसवायचं काम माझ्याकडे आलं. ते म्हणायचे, "कॉलेजात बीएस्सीची मुलं पंख मोडायची." मी म्हणायचो, "त्यांना फणीवर बसवा चार वर्षं."

मास्तरांनी जगातली पुस्तकं धुंडाळली होती. झालरीत अकराव्या आणि बाराव्या केसामध्ये एका केसाची जागा रिकामी असते, हे ह्याच्याआधी कोणी कुठे लिहिलेलं नव्हतं. सातही किड्यांत ती फट होती. म्हणजे हा नवा. ह्याचं वर्णन पहिल्यांदा आपण लिहायचं. पन्नाशी उलटलेला तो माणूस त्या दिवशी खोलीत येरझारा घालत होता. म्हणाले, "फणीवाले, आयुष्यात माझ्या हातून एक तरी असा छापून जावा. एकच. पण जसा आहे तसा."

वर्णन लिहायला दोन महिने लागले. खाली त्यांनी लिहिलं, सापडल्याची जागा: लालबाग, मुंबई, महाराष्ट्र. शोधणारा: अमुक अमुक, गिरणी कामगार. तिथे माझं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट.

"मास्तर, महाराष्ट्र अजून झाला नाही," मी म्हटलं.

"किडा सापडला तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात?"

"लालबागला."

"मग झालं तर."

चित्र त्यांनी स्वतः काढलं, काळ्या शाईत, वीतभर लांबीचा पंख. तीनदा तपासलं. मग गिरगावात वडिलांचं श्राद्ध होतं म्हणून ते गेले. जाताना मला सांगितलं, "चौकट तुम्ही आखा, तुमचा हात सरळ आहे. उद्या दुपारी पाळी सुटली की प्रोफेसरांकडे पोचवा." हे प्रोफेसर एका मोठ्या कॉलेजातले, शास्त्राचं एक इंग्रजी मासिक चालवायचे.

मी चौकट आखली. आखताना नजर झालरीवर गेली. अकरावा केस, मग रिकामी जागा, मग बारावा.

आता तुम्ही म्हणाल, मला ठाऊक नव्हतं का? होतं. मीच तर सात वेळा मोजली होती ती फट. पण दुर्बिणीत बघणं वेगळं आणि कागदावर बघणं वेगळं. कागदावर ती मला फणी दिसली. रिकामा दात दिसला. नऊ वर्षं रिकामा दात दिसला की हात आपोआप जातो, डोक्याला विचारत नाही. टाक हातात होता. एक केस भरला. छान भरला, बाकीच्यांच्या जाडीचा, त्याच बाकाचा. शाई सुकवली, गुंडाळी केली, दुसऱ्या दिवशी कॉलेजात देऊन आलो. येताना मनात समाधान होतं, काम नीट झालं म्हणून.

पंधरा दिवसांनी प्रोफेसरांनी बोलावलं. मास्तर मला घेऊन गेले. खोली उंच, पंखा हळू. प्रोफेसरांनी चित्र टेबलावर पसरलं.

"तुम्ही लिहिता, फट आहे. चित्रात फट नाही. ह्यातलं खरं कोणतं? आणि फट नसेल तर हा किडा नवा कसा?"

मास्तर वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मला तेव्हा कळलं. तो केस माझा.

मास्तरांनी एकदा माझ्या हाताकडे बघितलं. फक्त हाताकडे. मग सरळ उभे राहून म्हणाले, "चित्र चुकलं. चूक माझी."

"मास्तर, थांबा." मी पुढे झालो. "साहेब, तो केस मी भरला. यांना माहीत नाही."

"हे कोण?"

"शोधणारे," मास्तर म्हणाले.

प्रोफेसर इंग्रजीत काहीतरी बोलले. इंग्रजी मला येत नाही, पण हसणं सगळ्या भाषांत कळतं. मग मराठीत म्हणाले, "गिरणी कामगाराने शास्त्राच्या चित्रावर हात चालवायचा आणि मी ते छापायचं?"

मी म्हटलं, "नका छापू. पण आधी मोजा. काचपट्ट्या खिशात आहेत. तुमची दुर्बीण आमच्यापेक्षा चांगली आहे. मी न बघता सांगतो, तुम्ही बघून मोजा. पहिली पट्टी, डावा पंख, अकरा आणि बारामध्ये. दुसऱ्या पट्टीवर उजवा पंख जरा मुडपलाय, तिथे अकरावा केस खाली गेलेला दिसेल, तो धरून मोजा, नाहीतर चुकाल."

ते चिडून बसले खरे, पण बसले. एक पट्टी, दोन, तीन. चौथ्या पट्टीला त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला. सातवी झाल्यावर डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, एवढं म्हणेन.

"नवा आहे," ते म्हणाले.

मास्तरांनी माझा खांदा दाबला. नुसता दाबला, पण दुखला.

मग प्रोफेसरांनी तांबडी पेन्सिल उचलली. "दुसरं चित्र द्या, पुढच्या अंकात घेतो. मात्र दोन गोष्टी काढाव्या लागतील." आणि महाराष्ट्र ह्या शब्दावर त्यांनी रेघ मारली. "असं राज्य नाही." मग माझ्या नावावर मारली. "ह्याची जरूर नाही. लेखकाला सापडला, एवढं पुरे."

मास्तर शांतपणे म्हणाले, "किडा नवा आहे ना?"

"आहे म्हटलं ना."

"तासाभरापूर्वी तुमच्या लेखी तोही नव्हता."

"अहो, हट्ट कशाला करता? दोन शब्द आहेत! छापून आलं तर जग तुम्हाला ओळखेल. नाहीतर त्या चाळीत बसा चिलटं मोजत."

मला माहीत होतं, हा कागद म्हणजे त्या माणसाचं आयुष्य. मी हळूच म्हटलं, "मास्तर, माझं नाव जाऊ द्या. खरंच. राज्याचं बघा काय ते."

ते माझ्यावरच ओरडले. "फणीवाले, तुमचं नाव काढायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" मग त्यांनी टेबलावरचे सगळे कागद गोळा केले, तांबड्या रेघांसकट, काखेत मारले आणि निघाले. जिन्यात एवढंच म्हणाले, "रिकामी जागा होती तिथे तुम्ही केस भरलात. ह्यांनी असलेले केस उपटले. तुमची चूक मला चालते."

पुढे काय झालं ते चाळीत बहुतेकांना अर्धंच ठाऊक आहे. मास्तर म्हणाले, किड्याचं नाव लॅटिनमध्ये लागतं, तो जगाचा नियम, तो मी पाळणार. पण वर्णन कोणत्याही भाषेत चालतं, फक्त कागदावर छापून लोकांत वाटलं गेलं पाहिजे. मग आपल्या भाषेत छापू! गिरगावात एका गल्लीत छोटा छापखाना होता, तिथे चळवळीची हँडबिलं निघायची. कंपोझिटर म्हणाला, "त्या नावाला लागणारा इंग्रजी टाइप माझ्याकडे फार नाही. कोणा डॉक्टरच्या कार्डापुरता आणला होता, त्यात बसवतो." मास्तर नवं चित्र काढताना मी हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा होतो. मास्तरांनी सांगितलं नव्हतं. मीच.

चार पानांचं चोपडं झालं. परदेशातल्या संग्रहालयांना, इथल्या कॉलेजांना पोस्टाने गेलं. प्रोफेसरांनाही एक. काही ठिकाणांहून पोच आली, काही ठिकाणांहून नाही. पुढे मास्तर वारले तेव्हा पोचेची पत्रं काकीने जपून माझ्याकडे दिली. कोणी मानलं, कोणी मानलं नाही, त्याचा हिशेब मी ठेवत नाही. सांगायचं आहे ते वाटपाचं.

उरलेली चोपडी मास्तरांनी लालबागच्या नाक्यावर वाटायची ठरवली, दुपारी पाळी सुटायच्या वेळेला. जमावबंदी लागलेली होती. मी म्हटलं, आज नको. ते म्हणाले, "लोकांत वाटलं गेलं पाहिजे असा नियम आहे. लोक कधी असतात? पाळी सुटल्यावर." झालं.

कामगारांना वाटलं, चळवळीचा कागद. हातोहात गेला. मागावर काम करणारा एक उंच साळवाला चहाच्या दुकानाच्या पायरीवर चढून मोठ्याने वाचायला लागला. "डोके रुंद. डोळे तांबडे. मिशा लांब, टोकाला जाड."

"अरे, हा तर आपल्या डोक्यावरचा जॉबर!" खालून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"पोट आखूड."

"मग नव्हे!"

मास्तर पुढे होऊन समजावू लागले, मादीची मिशी टोकाला जाड असते, नराची नसते. लोक हसत होते, पण ऐकत होते. साळवाल्याने पान उलटलं. "सापडल्याची जागा: लालबाग, मुंबई," आणि तो थांबला. पुन्हा मनात वाचलं. मग छाती भरून घेतली आणि पुढचा शब्द असा म्हटला की समोरच्या चाळीतली माणसं गॅलरीत आली. काय घोषणा उठली! तोपर्यंत तो शब्द मागण्याच्या कागदांवर असायचा, झालाच पाहिजे म्हणून. इथे तो मागितलेला नव्हता. पत्ता म्हणून लिहिलेला होता.

पोलीस आले. गर्दी पांगली. मास्तर पांगले नाहीत, म्हणून मीही नाही.

चौकीत हवालदार घाटावरचे, मिशा पिकलेल्या. त्यांनी चोपडं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. "ह्यात गुन्हा कुठं हाय?"

"तुम्ही शोधा," मास्तर म्हणाले. "मला वर्णन करायची सवय आहे, आरोप करायची नाही."

"हे अकरावा केस, बारावा केस, ही कसली खूण? कुणाचा निरोप हाय का?"

"किड्याची खूण आहे. सगळ्यांनाच असते काहीतरी."

हवालदारांनी कपाळाला हात लावला. तरी जप्तीचा पंचनामा करणं भाग होतं. पंच म्हणून चहावाल्याला आणि समोरच्या न्हाव्याला बोलावलं. जप्त केलेल्या कागदात काय आहे ते लिहून घेऊ लागले. मास्तरांनी बजावलं, "जसंच्या तसं लिहा. एक अक्षर गाळलंत तर मी सही करणार नाही." हवालदार लिहू लागले. डोके रुंद लिहिलं. डोळे लिहिले. झालरीच्या केसांचा आकडा चुकला तो मास्तरांनी खोडायला लावला आणि त्यावर हवालदारांची बारीक सही घेतली. पंच टकामका बघत होते. मग जागा आली. लालबाग लिहून झालं. मुंबई लिहून झालं. हवालदारांचा टाक थांबला. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग दाराकडे, तिथे कोणी नव्हतं.

"सरकारी कागद हाय, मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. कागदावर जे आहे ते लिहा. नसेल तर लिहू नका."

हवालदारांनी चोपड्यातला शब्द पुन्हा पाहिला. टाक दौतीत बुडवला, जादा शाई झटकली आणि लिहिला. बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा मोठाच लिहिला, असं मला वाटलं. मग शोधणाऱ्याचं नाव विचारलं. मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

"सही येते का अंगठा?"

"सही," मी म्हटलं.

मी टाक घेतला. आधी माझं नाव लिहिलं, मग वडिलांचं, मग आडनाव. हवालदार कागद ओढून घ्यायला लागले, मी हात ठेवला. "अजून पत्ता राहिलाय," म्हटलं. आणि त्याखाली घाई न करता, एकेक अक्षर सुटं सुटं, पूर्ण पत्ता लिहिला, शेवटच्या शब्दासकट.

हवालदारांनी तो वाचला. खोडला नाही.